मला फक्त साधी निळी जीन्स हवी आहे हो!

सरळ पाय. गडद निळा रंग. बेंबीच्या जरा खाली बसणारी कंबर. जाड कापड. हात आत जाईल असे खिसे. आणि कुठेही फाटलेली नसावी. एवढीच माझी मागणी आहे, यात अवाजवी काय आहे ते कुणीतरी मला समजावून सांगा. कारण ही मागणी घेऊन कपड्यांच्या दुकानात शिरलं की समोरची मुलगी आधी गोंधळते, मग कीव आल्यासारखी हसते आणि म्हणते, "मॅम, आता सगळं वाइड लेगच चाललंय."

चाललं असेल, बाई. मला नकोय ना पण!

"मग बॅरल बघता का?"

बघितली बॅरल. मांडीपासून फुगत जाते, गुडघ्याशी सगळ्यात रुंद होते आणि घोट्याशी पुन्हा आवळते. म्हणजे माणसाचे पाय मुद्दाम फेंगडे दिसावेत म्हणून डोकं लावून बेतलेली पँट. ज्यांना आवडते त्यांनी खुशाल घालावी, मला त्यांच्याशी काही भांडण करायचं नाही. माझं भांडण वेगळंच आहे. एक फॅशन आली की बाकी सगळं रॅकवरून गायब का होतं? नवीन येऊ दे की, पण जुनं उचलून फेकायची काय घाई असते?

आठवा जरा. 2000 च्या सुमाराला लो-वेस्टची साथ आली होती. कंबर इतकी खाली, की खुर्चीवर बसायचं म्हटलं तरी एक हात मागे टी-शर्ट ओढायला राखून ठेवावा लागायचा. वाकायची सोय नाही, मांडी घालायची सोय नाही. आणि तेव्हा दुसरं काही मागितलं तर मिळत नव्हतं. मग आली स्किनी. तीही एकटीच आली, सगळ्या रॅकवर तीच. चढवताना श्वास रोखायचा, उतरवताना पलंगावर बसून टाचेशी झटापट करायची, आणि रात्री पोटऱ्यांवर शिवणीचे वळ मोजायचे. सगळ्या जगाला स्किनीत कोंबून झाल्यावर एके दिवशी फर्मान निघालं की स्किनी घालणारे म्हातारे! म्हणून मग मॉम जीन्स, तिची कंबर थेट बरगड्यांपर्यंत. आता पाय एवढे रुंद आणि लांब की पावसाळ्यात चिखल गुडघ्यापर्यंत चढतो. आणि परवा वाचलं, लो-वेस्ट परत येतेय म्हणे. येऊ दे. मी साडीच नेसते.

या सगळ्यात दरवेळी चूक कुणाची, तर आपल्या अंगाची. आधी मांड्या जाड होत्या, मग कुल्ले सपाट निघाले, मग उंची कमी पडली. अंग तेच. बदलतंय ते कापडाचं बेतणं, आणि अपराधी वाटून घ्यायचं आपण.

आकड्यांचं तर बोलूच नका. कमरेचा आकडा इंचात लिहितात ना? इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, त्यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही. तरी एकदा घरी टेप घ्या आणि '30' लिहिलेल्या जीन्सची कंबर मोजा. बत्तीस भरेल, तेहतीस भरेल, एखादी त्याच्याही पुढे जाईल. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं म्हणून आकडा मुद्दाम लहान छापायचा, हा धंद्यातला उघड प्रकार आहे, त्याला व्हॅनिटी सायझिंग असं गोंडस नावही आहे. मला खूश करायला कुणी सांगितलं होतं? मला मापाची पँट द्या, खूश व्हायचं माझं मी बघते.

शिवाय बायकांच्या बऱ्याच जीन्सवर एकच आकडा. नवरा दुकानात जातो, दोन आकडे सांगतो, एक कमरेचा, एक लांबीचा, आणि ट्रायल न घेता पिशवी घेऊन बाहेर येतो. आम्हाला लांबी एकच. कुणासाठी बेतलेली असते देवाला ठाऊक. उंच मुलींचे घोटे उघडे पडतात आणि माझ्यासारख्यांनी खालून वीतभर कापड दुमडायचं. "शिंप्याकडून कापून घ्या ना!" घेते की. पण बूटकटचा सगळा घेर तळाशीच असतो. तो कापला की हातात उरते ती ना बूटकट ना स्ट्रेट. वर खालची मूळ दुमड गेली की तिथला तो फिकट, दोरीसारखा पीळ पडलेला काठही गेला. आणि शिंपीबुवा दुमड घालताना बाजूच्या जाड शिवणीवर आले की सुई मोडतात आणि माझ्याकडे असं बघतात, जणू ते कापड मी विणलंय.

आता खिसे. 2018 साली 'द पुडिंग' नावाच्या संकेतस्थळाने अमेरिकेतल्या 20 लोकप्रिय ब्रँडच्या जीन्सचे खिसे चक्क मोजून काढले. बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी 48 टक्के आखूड आणि 6.5 टक्के अरुंद निघाले. निम्मा खिसा! फोन ठेवला तर अर्धा बाहेर लोंबतो आणि बसलं की घरंगळून जमिनीवर. काही जीन्सना तर खिसा नसतोच, नुसती खिशाच्या आकाराची शिवण मारलेली असते. नखानं उकरून बघायचं, आत काहीच नाही. ही फसवणूक नाही तर काय आहे?

आणि गंमत बघा. उजव्या खिशाच्या वर तो चिमुकला पाचवा खिसा असतो ना, तो मुळात साखळीच्या घड्याळासाठी होता. तसली घड्याळं वापरातून जाऊन जमाना झाला, पण त्याचा खिसा अजून शाबूत आहे, रिव्हेटसकट, म्हणजे कोपऱ्यांवर ठोकलेल्या त्या धातूच्या टिकल्यांसकट. न वापरातल्या घड्याळाला जागा आहे. रोज हातात असलेल्या फोनला नाही.

रिव्हेटवरून आठवलं. अमेरिकेतल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराच्या बायकोनं त्याच्याकडे नवऱ्यासाठी दणकट पँट मागितली, कारण नवऱ्याच्या पँटी टिकतच नव्हत्या. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. तो ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसला बरोबर घेऊन त्यानं 20 मे 1873 ला पेटंट मिळवलं. म्हणजे ही सगळी वस्तूच जन्माला आली ती फाटू नये म्हणून. आणि आज? कारखान्यातच फाडून देतात.

त्या फाटक्या गुडघ्याकडे कधी जवळून बघा. डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे पांढरेच ठेवलेले असतात. गुडघ्यावरचे निळे उभे धागे घासून, कापून काढतात आणि पांढऱ्या आडव्या धाग्यांची जाळी तेवढी शिल्लक ठेवतात. दिसायला काय ती कलाकुसर! पण सकाळी घाईत पाय घालताना अंगठा नेमका त्या जाळीत अडकतो, टर्रकन आवाज येतो, आणि चार बोटांचं भोक वीतभर होतं. नवी कोरी, पूर्ण पैसे मोजलेली पँट. आमच्या आजीनं हे बघितलं असतं तर तिनं आधी ठिगळ लावलं असतं आणि मग मला झोडपलं असतं.

फिकट करण्याचीही तीच तऱ्हा. नीळ सुताच्या आतपर्यंत शिरत नाही, वरवर बसते, गाभा पांढरा राहतो. म्हणून तर वापरता वापरता जीन्स आपोआप फिकी पडते, जिथे आपण वाकतो, बसतो, फोन ठेवतो तिथे. हे सगळं फुकट होतं, फक्त घालायला लागते. पण तेवढा धीर कुणाला? म्हणून दगड टाकून धुवायची, पोटॅशियम परमँगनेट फवारायचं, लेझरनं मांडीवर खोट्या सुरकुत्या कोरायच्या. याआधी वाळूचा जोरदार मारा करून रंग उडवायचे, आणि ती धूळ छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस झाला. तरुण पोरं गेली त्यात. तुर्कस्तानने 2009 मध्ये ही पद्धत बंद केली. पँट जुनी *दिसावी* एवढ्यासाठी माणसांची फुप्फुसं गेली, हे लिहितानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

बरं, एवढं करून ती टिकते का? आतली चिठ्ठी वाचा. 98 टक्के कॉटन, 2 टक्के इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये हा धागा शोधला, तो पोहण्याच्या कपड्यांना, मोज्यांना उत्तमच आहे. स्किनीलाही हवा, नाहीतर ती चढणारच नाही, मान्य. पण ढगळ वाइड लेगमध्ये ताणणारा धागा कशाला? तिथे ताणायला आहे काय? माझ्या मते उत्तर सरळ आहे. कापड ताणलं की चार अंगांना एकच माप खपवता येतं, नीट बेतायचे कष्ट वाचतात. आणि भोगायचं कुणी? उन्हानं, गरम पाण्यानं, ड्रायरनं तो धागा हळूहळू दम सोडतो. गुडघ्यांना पोचे पडतात, बसून उठलं की मागे पिशवी लोंबते, आणि मांड्या घासतात तिथे बारीक पारदर्शक केसांसारखी टोकं कापडातून बाहेर यायला लागतात. ती दिसली की समजायचं, आता ही फार दिवसांची सोबती नाही.

यावर तज्ज्ञ मंडळींचा सल्ला असतो की जीन्स धूच नका. लेव्हाइजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी 2014 मध्ये एका परिषदेत, अंगावरची जीन्स वर्षभर वॉशिंग मशीनमध्ये टाकलेली नाही असं जाहीर सांगितलं होतं. कुणी म्हणतं फ्रीझरमध्ये ठेवा, जंतू मरतात. मरत नाहीत हो, गारठून पडून राहतात आणि ऊब मिळाली की परत कामाला लागतात. माझ्या फ्रीझरमध्ये जीन्स जाणार नाही, हे मी इथेच लिहून देते.

आणि वरून ती हिरवी चिठ्ठी! 'पाणी वाचवून बनवलेली', 'पृथ्वीसाठी', पानाचं चित्र वगैरे. लेव्हाइजच्याच 2015 च्या अभ्यासात एका 501 जीन्सच्या पूर्ण आयुष्याला, कापसाच्या शेतापासून घरच्या धुण्यापर्यंत, साधारण 3,781 लिटर पाणी लागतं असा हिशोब आहे. त्यातला मोठा वाटा कापूस पिकवतानाच जातो. म्हणजे पाणी वाचवायचा सगळ्यात सोपा उपाय कोणता? एकच जीन्स पुष्कळ वर्षं घालता येणं. मग तशी बनवा ना! माझी शेवटची चांगली जीन्स आठ वर्षं टिकली. मांडीला विरली तेव्हा तीच परत आणायला गेले, तर "ते मॉडेल बंद झालं." का बंद झालं? खपत नव्हतं का? खपत होतं. पण सीझन बदलला म्हणे. जीन्सला कसला आलाय सीझन?

याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी नाव तेच ठेवतात आणि माल बदलतात. चिठ्ठीवर तेच 'क्लासिक स्ट्रेट', पण हातात घेतलं की कापड पातळ, कंबर दोन बोटं वर सरकलेली, आणि पाय गुडघ्याखाली गुपचूप रुंद केलेले. विचारलं की उत्तर, "सेमच आहे मॅम, थोडं अपडेट केलंय." मी मागितलं होतं अपडेट?

परवा शेवटी एक सापडली. मागच्या रॅकवर, सेलमध्ये, धूळ खात पडलेली. सरळ पाय, जाड कापड, खिशात मनगटापर्यंत हात गेला. मी ट्रायल रूममध्येच उठाबशा काढून बघितल्या. शहाणपणा म्हणून त्याच मापाच्या दोन उचलल्या, एक निळी, एक काळी, पुढच्या काही वर्षांची काळजी मिटली म्हणून. निळी अगदी बेतल्यासारखी बसते. काळी, त्याच नावाची, त्याच आकड्याची, मांडीच्या वर चढतच नाही. तक्रार केली तर म्हणाले, काळ्या रंगाची धुलाई वेगळी असते, कापड जरा जास्त आटतं, एवढा फरक राहणारच. मग आटलेल्या पँटवर न आटलेला आकडा छापता कशाला? आणि सेलचा माल म्हणून परतही घेत नाहीत.