महिन्यातून एकदाच वजन? काकांच्या फॉरवर्डला सुनेचं उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात काकांनी एक लांबलचक मेसेज टाकला. काका म्हणजे माझे चुलत सासरे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. मेसेज अर्थात त्यांनी लिहिलेला नव्हता, आला तसा पुढे ढकललेला. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या शाळेच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी महिला मंडळाच्या. शेवटी फोंड्याच्या बाजारात भाजीवालीनेही मला विचारलं, 'बाई, रोज वजन केलं की वाढतं म्हणतात ते खरं?' तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

मेसेजचा मथळा होता 'रोज वजन करणे आजच थांबवा!' खाली मुद्दे असे : रोज वजन करणं शरीराला घातक. काटा रोज वेगळा आकडा दाखवतो म्हणजे तो खोटा, म्हणून महिन्यातून एकदाच, एक तारखेला वजन करावं. रोज काट्यावर उभं राहिलं की ताण येतो, ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि त्याने वजन वाढतं. बारीक माणसं कधी वजन करत नाहीत. कपडे सैल झाले की कळतंच, काटा हवा कशाला? आणि आकडा हलत नसेल तर चरबी जाऊन स्नायू येताहेत असं समजा. शेवटी 'दहा जणांना पाठवा'.

'घातक' या शब्दापासून सुरुवात करते, कारण तो काकांनी तरी पुढे पाठवायला नको होता. माझ्या सासऱ्यांचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी घरी काटा आणायला लावला आणि बजावलं, रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर वाट न बघता फोन करा. हृदय नीट काम करेनासं झालं की अंगात पाणी साचतं, आणि ते पाय सुजण्याच्या आधी काट्यावर दिसू शकतं. हृदयविकाराच्या अशा रुग्णांना हा सल्ला सगळीकडेच देतात. तेव्हा सासऱ्यांचा हात धरून त्यांना काट्यावर उभं करणारे आणि कॅलेंडरवर आकडा मांडणारे काकाच होते. जे काम सर्वात नाजूक माणसाला रोज करायला सांगतात, ते धडधाकट माणसाला घातक कसं होईल?

आता मुख्य मुद्दा. काटा रोज वेगळा आकडा दाखवतो हे अगदी खरं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे.

माझंच सांगते. मार्च महिन्यात साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. २०२३ साली आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात आपला गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के, त्यामुळे डॉक्टरांनी ते गमतीने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या फळीवर एक वही आहे. सकाळी उठलं, संडासला जाऊन आलं की चहाच्या आधी वजन, आणि वहीत एक ओळ. जूनच्या पहिल्या सात ओळी अशा : ७१.९, ७२.६, ७२.८, ७२.१, ७२.३, ७२.५, ७१.९. जुलैच्या पहिल्या सात : ७२.१, ७१.६, ७०.९, ७०.८, ७१.२, ७०.७, ७०.४.

मेसेजप्रमाणे मी फक्त एक तारखेला वजन केलं असतं तर? एक जूनला ७१.९, एक जुलैला ७२.१. महिनाभर फर्मागुढीच्या पठारावर चालले, रात्रीच्या भाताऐवजी एक पोळी खाल्ली, आणि मिळालं काय, तर दोनशे ग्रॅमची वाढ! मी त्याच दिवशी वही चुलीत घातली असती. पण सात दिवसांची सरासरी काढा : जूनची ७२.३, जुलैची ७१.१. म्हणजे एक किलो दोनशे ग्रॅम उतरले होते. तीस जूनच्या रात्री पाऊस कोसळत होता, बाजाराला जाता आलं नव्हतं, म्हणून पेज, भाजलेला खारा बांगडा आणि सुक्या सुंगटांची किसमूर असा बेत झाला होता. एक तारखेचा तो आकडा त्या बांगड्याचा होता.

मिठाचा हिशेब सोपा आहे. दवाखान्यात लावतात त्या सलाईनच्या एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, आणि आपल्या अंगातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच. म्हणजे नेहमीपेक्षा चार-पाच ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं तर ते पातळ ठेवायला शरीर जवळजवळ अर्धा लिटर पाणी धरून ठेवतं, मूत्रपिंडं ते एक-दोन दिवसांत बाहेर काढेपर्यंत. भात-पावाचंही तसंच. त्यांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत घेते. बायकांना पाळीच्या आधीचे दिवस वेगळे. माझ्या वहीत दर महिन्याला तिथे एक उंचवटा आहे, तो आता तोंडपाठ झाला आहे. शिवाय पोटात काय आहे, घाम किती गेला. सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतल्या पादुआला सांतोरियो नावाचे एक वैद्य होते. त्यांनी वजनकाट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून तीस वर्षं स्वतःचं, खाल्ल्याचं, प्यायल्याचं आणि बाहेर टाकलेल्याचंही वजन केलं, आणि दाखवून दिलं की बराच भाग श्वासावाटे आणि कातडीतून न दिसता निघून जातो. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर काटा वेगळा बोलतो त्याचं हे एक कारण. (तीस वर्षं! आणि आपल्याला तीस दिवस जड.)

वरखाली होणारी गोष्ट समजायची तर ती जास्त वेळा मोजावी लागते, कमी वेळा नव्हे. एका दिवसाच्या पावसावरून कोणी पावसाळा ठरवतं का?

चवथीचा प्रसंग तर सांगायलाच हवा. तयेच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीच्या सकाळी माझं वजन ६९.८ होतं. मग पातोळ्या, नेवऱ्या, खतखतं, मणगणं, पापड, लोणचं. दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्या सकाळी काटा म्हणाला ७१.५. जाऊबाई मागून डोकावून बघत होत्या. 'बघ, सगळं परत आलं!' मी पेन्सिल घेतली. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. एक किलो सातशे ग्रॅमच्या झाल्या तेरा हजारांवर, त्याही रोजच्या गरजेच्या वर. एक नेवरी दीडशे कॅलरीची धरली तर सत्त्याऐंशी नेवऱ्या. आमच्या घरात तळल्या होत्या एकूण साठ, आणि खाणारी माणसं चौदा. पाच दिवसांनी काटा ७०.० वर आला. खरी वाढ दोनशे ग्रॅमच्या आसपास. ती नेवऱ्यांची, कबूल.

ताणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. काही माणसांना आकडा लागतो. ज्यांना खाण्याशी झगडण्याचा आजार होता किंवा आहे, ज्यांचा आकडा बघून जेवणच सुटतं, त्यांनी काट्यापासून लांब राहावं आणि डॉक्टरांशी बोलावं. वाढत्या वयातल्या मुलींच्या हाती रोजचा काटा देऊ नये, माझ्या भाचीला मी स्वतः देत नाही. पण वजन उतरवायला निघालेल्या प्रौढांवर झालेल्या अभ्यासांत रोज वजन करण्याने मन खचतं असं सहसा आढळलेलं नाही. आणि काट्यावर उभं राहिल्याने कॉर्टिसॉल वाढून चरबी चढते, ही तर मधल्या पायऱ्या गाळून मारलेली उडी आहे. मला स्वतःला उलटा अनुभव आला. पहिले पंधरा दिवस आकड्याने छळलं. वहीत शंभर ओळी झाल्यावर एकाही ओळीत तेवढा दम उरला नाही. महिन्यातून एकदा निकाल लागणार असेल तर आदली रात्र परीक्षेची होते, आणि मी तर मास्तरीणच, मला परीक्षेचं काय ते विचारू नका.

बारीक माणसं वजन करत नाहीत. नसतील करत. माझे यजमान चार उंडे खाऊन तसेच्या तसे, त्यांना काट्याशी काय देणंघेणं? विचारायचं ते ज्यांनी उतरवलं आणि टिकवलं त्यांना. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही ठेवली आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत जागा. त्यांतले सुमारे पंच्याहत्तर टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. त्याच देशात २००६ साली छापून आलेल्या एका प्रयोगात, वजन उतरवलेल्या ३१४ जणांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. वजन टिकवायला शिकवलेल्या गटांत रोज काट्यावर चढणाऱ्यांचं वजन परत चढण्याची शक्यता कमी निघाली. आपल्याला जवळचा वाटेल असा आणखी एक, २०१९ चा, १११ जणांचा : सणासुदीच्या दिवसांत रोज वजन करून त्याचा आलेख बघणाऱ्यांचं वजन जागेवर राहिलं, बाकीच्यांचं वाढलं. आपल्या चवथ ते दिवाळीच्या मोसमासारखाच तो मोसम.

इथे मेसेजवाल्यांच्या बाजूनेही एक सांगते, नाहीतर मीही फॉरवर्डच लिहीन. वजन वाढतंय हे ज्याला आतून कळतं, तो माणूस काट्याकडे फिरकत नाही. त्यामुळे 'रोज करणाऱ्यांचं कमी असतं' यात काट्याची करामत किती आणि माणसाच्या स्वभावाची किती, हे वेगळं काढणं अवघड. नुसतं 'रोज वजन करा' एवढंच सांगून बाकी काही शिकवलं नाही, तर फारसा फरक पडत नाही असंही एका इंग्लिश प्रयोगात दिसलं आहे. काटा जेवण वाढत नाही की ताट ओढूनही घेत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर साडीला काय कळतं? गाऊनला तर काहीच नाही. ब्लाउज सांगतो, पण तो बोलायला लागेपर्यंत तीन-चार किलो झालेले असतात. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही धोक्याची रेषा धरतात. टेप आणि काटा दोन्ही ठेवा, भांडण नाही.

स्नायूंबद्दल एकच. रोज अर्धा तास चालून महिन्यात दोन किलो स्नायू येत असते तर फर्मागुढीच्या पठारावर सगळे पैलवान फिरले असते.

राहिला काटा. चटईवर ठेवू नका, टाइल्सवर किंवा सपाट लादीवर ठेवा. आमच्या जुन्या घराच्या कोब्यावर तो तीन जागी तीन आकडे दाखवायचा, मी दोन आठवडे त्यालाच शिव्या घातल्या. उकड्या तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी घेऊन आणि न घेता उभं राहून बघा; फरक पाचच्या आसपास आला की झालं. रोज जमत नसेल, मनाला सोसत नसेल, तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. फक्त तो सोमवार नको, रविवारचं मटण अजून अंगात असतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग काकांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, घसा खाकरून : 'ते ठीक आहे. पण एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं वजन धरायचं की सोडायचं?'

धरायचं, काका. सरासरीत धरायचं.