‘रिचार्ज दुकानातूनच करा’ या फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातील तालीम मंडळांच्या, अपार्टमेंटच्या आणि गावोगावच्या दूध संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा येत असतो. त्याचा आशय असा की, मोबाईलचे रिचार्ज किंवा बिल ऑनलाइन भरू नये. कारण बँक खाते ॲपला जोडले की ते कोणीही रिकामे करू शकते, अडकलेले पैसे कधीच परत येत नाहीत, ऑनलाइन भरणाऱ्याला 18 टक्के जादा कर पडतो आणि महिन्याऐवजी 28 दिवसच मिळतात, कंपनी पुढे न विचारता दर महिन्याला पैसे कापू लागते, नंबर चुकला तर रक्कम बुडते आणि गल्लीतल्या दुकानदाराच्या पोटावर पाय येतो. खाली ‘जनहितार्थ’ असा शेरा आणि सर्व गटांवर पाठवण्याची विनंती असतेच. यात काही गोष्टी खऱ्याही आहेत आणि त्या खऱ्याच्या आधारानेच बाकीचे खोटे खपून जाते. म्हणून प्रत्येक दावा सुटा करून तपासणे भाग आहे.

आधी संदेशात न बोलता गृहीत धरलेली गोष्ट पाहू. दुकानातले रिचार्ज ‘ऑफलाइन’ असते, असे लिहिणाऱ्याला वाटत असावे. खरडायच्या कार्डांचा काळ कधीच मागे पडला. महाद्वार रोडवरचा असो वा कसबा बावड्यातला, दुकानदार कंपनीने दिलेल्या विक्रेत्यांच्या ॲपमध्ये आधी शिल्लक भरून ठेवतो आणि गिऱ्हाइकाचा नंबर टाकून त्यातूनच रिचार्ज मारतो. म्हणजे रिचार्ज दोन्हीकडे ऑनलाइनच होते. फरक एवढाच, की नंबर कोण टाइप करतो आणि पैसे कोणत्या वाटेने जातात. त्यातही बहुतेक गिऱ्हाइके आता काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात, तेव्हा ज्या यूपीआयची, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यातून पैसे देण्याच्या पद्धतीची, भीती घातली जाते तेच यूपीआय दुकानातही वापरले गेलेले असते.

खाते रिकामे होण्याचा दावा सर्वांत जास्त पसरला आहे आणि त्याचेच उत्तर सविस्तर द्यायला हवे. भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने 2016 मध्ये सुरू केलेल्या यूपीआयची रचना अशी आहे, की बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम ज्या फोनमध्ये आहे त्याच फोनवर खाते जोडले जाते, आणि प्रत्येक पेमेंटला पिन (किंवा आपण तशी सोय चालू केली असल्यास बोटाचा ठसा वा चेहरा) लागतो. हा पिन रिचार्जच्या ॲपला कळत नाही. तो ज्या पानावर टाकला जातो ते पान महामंडळाच्या प्रणालीचे असते आणि पिन सांकेतिक रूपात बँकेपर्यंत जातो. छोट्या रकमांसाठी पिनशिवाय चालणारे यूपीआय लाइट आहे खरे, पण त्यात आपण स्वतः बाजूला काढून ठेवलेली मर्यादित रक्कमच असते, मूळ खाते नव्हे. कार्डाने पैसे भरणाऱ्यांचा कार्ड क्रमांक पूर्वी व्यापारी संकेतस्थळांवर साठवला जात असे; रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2022 पासून ती साठवण बंद केली आणि आता तेथे कार्डाऐवजी एक पर्यायी सांकेतिक क्रमांक राहतो.

मग लोकांचे पैसे जातात ते कसे? जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही; पण ते रिचार्ज करताना नव्हे, रिचार्जच्या आजूबाजूला जातात. नेहमीचा प्रकार असा: रिचार्ज अडकते, माणूस घाईघाईने कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक इंटरनेटवर शोधतो, आणि शोधात वर दिसणारा क्रमांक भामट्याने पेरलेला असतो. पलीकडून अदबीने हिंदीत चौकशी होते, तक्रार क्रमांकसुद्धा दिला जातो. नंतर ‘पडताळणीसाठी’ एक ॲप उतरवून घ्यायला सांगतात, जे फोनचा पडदा जसाच्या तसा पलीकडच्या माणसाला दाखवते. ‘आता खात्री करण्यासाठी फक्त 10 रुपयांचे रिचार्ज करून बघा’ हे पुढचे वाक्य. त्या 10 रुपयांसाठी टाकलेला कार्डाचा क्रमांक आणि आलेला ओटीपी समोरच्याने वाचलेला असतो. दुसरा प्रकार फुकट रिचार्जच्या लिंकचा: अमुक सरकारी योजनेतून तीन महिने मोफत, फक्त येथे माहिती भरा. तिसरा प्रकार ‘तुमचे केवायसी (म्हणजे ओळख पडताळणी) संपले, आज रात्री सिम बंद होईल’ अशा धमकीचा. यांतला एकही प्रकार कंपनीच्या अधिकृत ॲपवर घडत नाही, आणि दुकानातून रिचार्ज करणाऱ्यालाही ही लिंक व हा फोन तितक्याच सहजपणे येतो. उलट, अधिकृत मार्गाची सवय नसलेला माणूस अशा लिंकला लवकर फसतो. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, एवढी एक गोष्ट या संदेशात लिहिली असती तरी तो खरोखर जनहितार्थ झाला असता.

फसवणूक झालीच तर हात टेकून बसण्याचे कारण नाही. 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर राहत नाही; चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित राहते. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. आपल्या जिल्ह्यात दुधाचे दहा दिवसांचे बिल आणि उसाचे बिल बहुधा सहकारी बँकेच्या खात्यावरच जमा होते, त्यामुळे हे दुसरे परिपत्रक येथे अधिक कामाचे. मात्र पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी येते.

‘अडकलेले पैसे परत येत नाहीत’ हा दावा सरळ चुकीचा आहे, पण त्यामागचा अनुभव खोटा नाही. खात्यातून 299 रुपये गेल्याचा एसएमएस येतो, ॲपवर ‘प्रलंबित’ असे दिसते आणि रिचार्ज झालेले नसते. ही अवस्था अनेकांनी पाहिली आहे. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी यासाठी मुदत ठरवून दिली: यूपीआयने विक्रेत्याला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले, पण विक्रेत्याकडे त्याची निश्चिती पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी. तक्रार नोंदवली नसली तरी ही भरपाई देय असते.

येथे एक बारकावा आहे, जो बँकेच्या काउंटरवरही पुष्कळदा नीट सांगितला जात नाही. कधी कधी पैसे रिचार्जच्या ॲपपर्यंत व्यवस्थित पोहोचतात आणि पुढे ॲपकडून दूरसंचार कंपनीकडे जाताना रिचार्ज फसते. अशा वेळी बँकेच्या दृष्टीने व्यवहार ‘यशस्वी’ असतो, बँकेत खेटे घालून काही निघत नाही, आणि परतावा देण्याची जबाबदारी ॲपची असते. कोणाचे दार ठोठवायचे हे ओळखायला व्यवहाराचा तपशील उघडावा: पेमेंट यशस्वी आणि रिचार्ज अयशस्वी असे दोन वेगळे शेरे असतील तर तक्रार ॲपकडे, पेमेंटच प्रलंबित असेल तर थांबावे, आणि मुदत उलटल्यावर तपशिलातला 12 अंकी संदर्भ क्रमांक घेऊन बँकेकडे जावे. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. दूरसंचार कंपनीविषयीच्या तक्रारीसाठी 198 हा क्रमांक आहे. या सगळ्यात टाळण्याजोगी चूक एकच, ती म्हणजे पहिले पेमेंट प्रलंबित असताना पुन्हा पुन्हा बटण दाबणे.

पोस्टपेड बिलाबाबत एवढेच, की ते शेवटच्या तारखेला रात्री भरू नये. भारत बिल पेमेंट प्रणालीतून, म्हणजे ॲप व बँकांमधून बिले भरण्याच्या सामायिक व्यवस्थेतून, भरलेल्या बिलाची पावती व्यवहार क्रमांकासह लगेच मिळते, पण कंपनीच्या खतावणीत नोंद उमटायला कधी थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात विलंब शुल्क लागते.

कराचा दावा आता. मोबाईल सेवेवर 18 टक्के जीएसटी आहे, हे खरे. पण तो सेवेवर आहे, भरण्याच्या पद्धतीवर नाही. प्रीपेड प्लॅनच्या किमतीत तो आधीच धरलेला असतो: 299 रुपयांत मूळ किंमत 253 रुपये 39 पैसे आणि कर 45 रुपये 61 पैसे. रंकाळ्यावरच्या टपरीत रोख दिले तरी हा कर भरलेलाच असतो. यूपीआय व्यवहारांवर जीएसटी बसणार अशी अफवा एप्रिल 2025 मध्येही उठली होती आणि अर्थ मंत्रालयाने 18 एप्रिलला ती फेटाळली. व्यापाऱ्यांना केलेल्या यूपीआय पेमेंटवरचे बँकांचे शुल्कच जानेवारी 2020 पासून शून्य आहे, तेव्हा त्यावर कर कशाचा बसणार? मात्र काही ॲप रिचार्जवर ‘प्लॅटफॉर्म शुल्क’ म्हणून काही रुपये घेतात. फोनपेने 2021 मध्ये आणि गुगल पेने 2023 मध्ये ही सुरुवात केली. तो कर नव्हे, ॲपची कमाई आहे. पैसे भरण्याआधी पडद्यावर ती दिसते, आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर यूपीआयने रिचार्ज केल्यास सहसा ती द्यावी लागत नाही. तेवढ्या रुपयांसाठी कोणी दुकानात गेले तर त्याला हसण्याचे कारण नाही.

28 दिवसांची तक्रार रास्त आहे, फक्त तिचा रोख चुकला आहे. 28 दिवसांचा प्लॅन घेणाऱ्याला वर्षात 13 वेळा रिचार्ज करावे लागते, मग तो कोठूनही केला तरी. मुदत प्लॅनची असते, मार्गाची नाही. याच तक्रारींमुळे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी 2022 मध्ये प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक बदल झाला: इंटरनेट नको असलेल्यांसाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यावेत आणि विशेष व्हाउचरची (ठरावीक सवलतींच्या रिचार्जची) कमाल मुदत 90 वरून 365 दिवस करावी, असे ठरले. साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी हे प्लॅन सोयीचे आहेत. परंतु ॲपच्या यादीत ते तळाशी असतात आणि दुकानातही मागितल्याशिवाय क्वचितच सांगितले जातात. पूर्ण यादी स्वतः खालपर्यंत चाळून पाहता येणे, हा माझ्या मते ऑनलाइन मार्गाचा खरा फायदा आहे. कॅशबॅकच्या आमिषाला मी फारसे महत्त्व देत नाही.

न विचारता पैसे कापले जाण्याविषयी: ऑटोपे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पैसे कापण्याची सोय, आपण पिन टाकून मंजूर केल्याशिवाय सुरू होत नाही, प्रत्येक वजावटीच्या किमान 24 तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मंजुरी ॲपमधून केव्हाही रद्द करता येते. तरीही पेमेंटच्या पानावर ऑटोपेची चौकट आधीच टिचकी मारून ठेवलेली नाही ना, हे पाहावे. कारण घाईत आपणच मंजुरी देऊन बसतो.

चुकीच्या नंबरवर केलेले रिचार्ज परत मिळत नाही, हा संदेशातला दावा जवळजवळ खरा आहे. रिचार्ज एकदा यशस्वी झाले की ॲप आणि कंपनी दोघेही सहसा हात वर करतात. पण दुकानातही हीच स्थिती आहे, शिवाय तेथे नंबर तोंडी सांगितला जातो, गर्दीत ऐकला जातो आणि वहीत लिहिला जातो. तरुण मुलींना आपला नंबर असा चारचौघांत सांगणे नकोसे वाटते, ही अडचण काल्पनिक नाही. व्होडाफोन आयडियाने 2018 मध्ये आणलेल्या ‘सखी’ सेवेत मूळ नंबर न सांगता पर्यायी दहा अंकी क्रमांकावर रिचार्ज करण्याची सोय होती, ती याचसाठी. ॲपमध्ये नंबर संपर्क यादीतून निवडता येतो, त्यामुळे अंक चुकण्याचा प्रश्न उरत नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला गावाकडच्या आईचा फोनही तेथूनच चालू ठेवता येतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि दुकानांत पाणी शिरले, तेव्हा ही सोय किती घरांना लागली असेल याची कल्पना पूर पाहिलेल्यांना करता येईल.

राहिला दुकानदाराच्या पोटाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. रिचार्जवरचे कमिशन मुळातच थोडे, त्यात गिऱ्हाईक घटले. लक्ष्मीपुरी, राजारामपुरीतल्या अनेक दुकानांनी म्हणूनच चार्जर, कव्हर, स्क्रीनगार्ड आणि दुरुस्तीकडे मोर्चा वळवला आहे. सिम घेणे, नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेणे, हरवलेले सिम बदलून घेणे ही कामे आजही बहुतांशी दुकानातच होतात. ओळखीच्या दुकानदाराला चार पैसे मिळावेत म्हणून कोणी त्याच्याकडूनच रिचार्ज करत असेल, तर तो त्याचा निर्णय आहे आणि चांगला आहे; त्यासाठी खाते रिकामे होण्याची भीती घालण्याची गरज नव्हती. साधा फोन असणाऱ्यांना 2022 पासून इंटरनेटशिवाय चालणारे यूपीआय 123 पे उपलब्ध आहे, तरी फोनवरच्या सूचना ऐकत आकडे दाबणे ज्यांना जमत नाही त्यांनी खुशाल दुकानात जावे, प्लॅनची मुदत आणि किंमत आधी विचारावी, आणि कंपनीचा निश्चितीचा एसएमएस आपल्या फोनवर आल्याशिवाय काउंटर सोडू नये.