उत्तर कुणाला जातंय ते दिसू द्या

मेलिंग लिस्टच्या (एका पत्त्यावर लिहिलेलं सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या यादीच्या) प्रत्येक मेलमध्ये 'रिप्लाय-टू'ला, म्हणजे उत्तर कुठे जावं हे सांगणाऱ्या ओळीत, लिस्टचाच पत्ता घालावा, म्हणजे चर्चा सगळ्यांपर्यंत पोचेल, असं एका लेखात सुचवलंय. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या लिस्टवर हीच सोय आहे. एका आजींनी थकलेल्या मेंटेनन्सबद्दल सेक्रेटरींना म्हणून लिहिलेली घरची अडचण सगळ्या विंगांनी वाचली. फार वाईट वाटलं. सगळ्यांसाठीचं उत्तर चुकून एकालाच गेलं, तर ते पुन्हा पाठवता येतं. पण एकासाठीचं सगळ्यांना गेलं, तर ते मागे कसं घेणार? शिवाय पाठवणाऱ्याने स्वतःचा वेगळा रिप्लाय-टू दिला असेल, तर तोही पुसला जाऊ शकतो.

लिस्टला उत्तर द्यायची सोय करणं हे काम मेल प्रोग्रॅमचं आहे. लिस्टचा पत्ता सांगणारं 'लिस्ट-पोस्ट' हेडर (मेलच्या वरच्या भागातली माहितीची ओळ) १९९८च्या आरएफसी २३६९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातच ठरलंय. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये लिस्टला उत्तर देण्यासाठी 'रिप्लाय लिस्ट' असं वेगळं बटण आहे, मट या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगळी कळ. फोनवरच्या प्रत्येक मेल ॲपमध्येही ते हवं. लोकलच्या गर्दीत एका अंगठ्याने उत्तर देणाऱ्याला 'हे सगळ्या लिस्टला जातंय' एवढं तरी पाठवण्याआधी ठळक दिसलंच पाहिजे.