मावशी, सदाफुलीची पानं मिळणार नाहीत
रविवारी ऐरोलीहून मावशीचा फोन. "अगं, तुझ्या गॅलरीत सदाफुली आहे ना? रोजची चार पानं लागतील." फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल: उपाशीपोटी चार पानं चावा, शुगर पळते, कॅन्सर होत नाही, ऋषिमुनींची वनस्पती, झाडाला फक्त रोज पाणी आणि चहाचा चोथा घाला. मावशी शुगरची गोळी घेते, म्हणून हा वैताग.

ऋषिमुनींचं आधी उरकते. सदाफुली मूळची मादागास्करची. संपलं.

कॅन्सरचं अर्धं खरं आहे, तेच घातक. व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं याच झाडातली. पण ती शिरेतून देतात, मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत. व्हिंक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मावशीचे तळवे शुगरने आधीच बधिर. परवा जिन्यात चप्पल निसटली तरी तिला पत्ता नाही. आणि असलं औषध 'होऊ नये म्हणून' कुणी घेतं का?

आता शुगर. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी जमैकाहून आलेली पानं मधुमेहासाठीच तपासली होती. उंदरांना अर्क पाजला, साखरेवर फारसा परिणाम नाही. टोचला, तर पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कॅन्सरच्या औषधाचा माग लागला तो असा! पुढे काही प्रयोगांत प्राण्यांची साखर उतरलीही, बरं, मान्य. मग गोळी अधिक पानं मिळून साखर किती खाली जाईल, ते कोण मोजणार? ग्रुप ॲडमिन?

झाड चिवट आहे, यात वाद नाही. आमच्या गच्चीवर पाइपाजवळच्या फटीतही एक उगवलंय. पण रोज पाणी? ठाण्याच्या जुलैत माझ्या दोन कुंड्या खोडाशी काळ्या पडून गेल्या. तेव्हापासून मातीत वाळू मिसळते, पावसाळ्यात कुंडी आत ओढते आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालते. फांद्या लांबल्या की शेंडे खुडते. दूधसाखरेच्या चोथ्याने मुंग्या तेवढ्या येतात.

मावशीला म्हटलं, देवाला फुलं हवी तेवढी ने. तर विचारते, "मग फुलं चावली तर?"

नाही, मावशी. फुलंही नाही.