वॉली वेस्ट कुठे गेला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

अमेरिकन प्रकाशक डीसी कॉमिक्सच्या २०११ सालच्या ‘न्यू ५२’ या रीबूटवरील, म्हणजे सुपरहिरोंच्या साऱ्या मालिका नव्याने सुरू करण्यावरील, माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : १९८५-८६ मधल्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या डीसीच्याच मालिकेने जुना इतिहास पुसून जे केले तेच २०११ ने केले, तरीही मी पहिल्याची स्तुती करतो आणि दुसऱ्याला दोष देतो, कारण पहिले मी वाचक होण्याआधी घडून गेले होते आणि दुसरे माझ्या डोळ्यांदेखत घडले. आपण स्वतः २०११ च्या त्या पहिल्या अंकांपासून वाचक झालात आणि माझा लेख वाचताना आपल्याला चोरवाटेने आत शिरल्यासारखे वाटले. शेवटी आपण विचारले आहे की, चाकाच्या खुर्चीतून उठून बार्बरा गॉर्डन, म्हणजे जुनी बॅटगर्ल, पुन्हा चालू लागली, याचे कोणाला दुःख कसे होऊ शकते?

आधी चोरवाटेबद्दल. २०११ नंतर आलेल्या वाचकांना हे विश्व खऱ्या अर्थाने कळलेच नाही, असे एक वाक्य माझ्या लेखात होते. ते चुकीचे होते आणि आज मी ते काढून टाकले आहे. मी स्वतः फोर्टातल्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मिळतील ते अंक, मागचे-पुढचे न बघता वाचत या विश्वात आलो. एखाद्या कथेचा दुसरा भाग आधी आणि पहिला भाग दोन वर्षांनी वाचला. त्यामुळे योग्य वाट कोणती, हे सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. शिवाय ‘न्यू ५२’च्या वेळी डीसीने आपले नियमित अंक छापील आवृत्तीच्या दिवशीच डिजिटल स्वरूपात द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांपासून हजारो मैल दूर असलेल्या आपल्यासारख्यांना तोच अंक त्याच दिवशी वाचता येऊ लागला. या निर्णयाचे श्रेय मी लेखात द्यायला हवे होते.

आता मुख्य मुद्दा. ‘क्रायसिस’नेही पुसापुशी केली, हे मान्य. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांच्या त्या बारा अंकांत अनेक समांतर पृथ्व्या नष्ट झाल्या, सातव्या अंकात सुपरगर्ल गेली आणि आठव्यात बॅरी ॲलन, म्हणजे विजेच्या वेगाने धावणारा दुसरा फ्लॅश, गेला. पण हे सारे कथेत घडले. माणसे लढताना मेली, त्यांच्यासाठी कोणीतरी रडले, आणि शेवटच्या अंकात बॅरीच्या बायकोचा भाचा, आजवर त्याचा साथीदार किड फ्लॅश म्हणून ओळखला जाणारा वॉली वेस्ट, काकाचा पोशाख चढवून उभा राहिला. जुन्या सुपरमॅनलाही डीसीने १९८६ मध्ये ॲलन मूर आणि कर्ट स्वान यांच्याकडून निरोपाची एक स्वतंत्र कथा लिहवून घेतली आणि मगच जॉन बर्नच्या हाती नवी पाटी दिली. घरातले जुने माणूस जाते तेव्हा त्याच्या वस्तू कोणाकडे जायच्या हे घरातले बसून ठरवतात. तसे काहीसे तेव्हा झाले.

२०११ मध्ये असे काही झाले नाही. ‘न्यू ५२’च्या आधीच्या ‘फ्लॅशपॉइंट’ या मालिकेच्या पाचव्या अंकात, तोवर कथेत परत आलेला बॅरी धावतो, काळाचे धागे एकमेकांत मिसळतात आणि पुढच्या पानावर जग वेगळे असते. ३१ ऑगस्टला तो अंक आला, त्याच दिवशी ‘जस्टिस लीग’चा पहिला अंक आला, आणि सप्टेंबर संपेपर्यंत बावन्न मालिका क्रमांक एकपासून सुरू झाल्या होत्या. या नव्या जगात वॉली वेस्ट नव्हता. तो मेला नव्हता, निवृत्त झाला नव्हता, परागंदाही झाला नव्हता. तो मुळी कधी झालाच नव्हता.

माझे दुःख सुपरमॅनच्या बदललेल्या पोशाखाचे आहे असे आपण समजलात, म्हणून वॉलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. तो १९५९ मध्ये एक पोरगा म्हणून आला. १९८६ नंतर फ्लॅश झाला तेव्हा तो विशीतला, हेकट, पैशाची चणचण असलेला आणि काकाच्या सावलीत गुदमरणारा तरुण होता. १९९२ पासून लेखक मार्क वेडने त्याला हळूहळू मोठे केले; १९९३ च्या ‘द रिटर्न ऑफ बॅरी ॲलन’ या कथेत तर त्याची खरी भीती उघड झाली : आपण काकाची जागा पूर्णपणे घेतली तर काका खरोखरच गेलेला असेल, ही ती भीती. पुढे त्याचे लिंडा पार्कशी लग्न झाले, जुळी मुले झाली. सुपरहिरोंच्या कथांमध्ये काळ सहसा गोठलेला असतो. ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, कायम पस्तिशीतच असतो. वॉली मात्र वाचकांच्या बरोबरीने वाढला. मी नोकरीला लागलो तेव्हा तो जबाबदारी शिकत होता, माझे लग्न झाले तेव्हा त्याचेही झालेले होते. २०११ मध्ये तो, लिंडाचा संसार आणि ती मुले एका पानाच्या उलटण्यात नाहीशी झाली. २०१४ मध्ये त्याच नावाचा दुसरा मुलगा आला. तो मुलगा मला आवडतो, पण त्याला स्वतःचे नाव मिळायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आपण म्हणता की, नव्या वाचकासाठी पाटी कोरी करावी लागते. पाटी खरोखर कोरी केली असती तर माझी तक्रार निम्मी झाली असती. पण चांगल्या चालणाऱ्या बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांचा इतिहास जवळपास तसाच ठेवला गेला, सुपरमॅन आणि वंडर वूमन यांचा पुसला गेला. हे नायक जगापुढे येऊन जेमतेम पाच वर्षे झाली, असे ठरवले. मग त्या पाच-सहा वर्षांत डिक, जेसन, टिम आणि डेमियन अशी चार मुले ‘रॉबिन’ म्हणून बॅटमॅनच्या हाताखालून कशी जायची, आणि त्यातला डेमियन दहा वर्षांचा कसा, याचे सरळ उत्तर कोणाकडे नव्हते. लिहिणाऱ्यांकडेही नव्हते. ‘क्रायसिस’ चितारणारा जॉर्ज पेरेझच ‘न्यू ५२’मध्ये ‘सुपरमॅन’ करत होता आणि सहा अंकांनंतर त्याने ते काम सोडले. सुपरमॅनचे आईवडील हयात आहेत की नाहीत, अशा साध्या प्रश्नांचीही उत्तरे मिळत नव्हती, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. नवा वाचक गोंधळू नये म्हणून केलेल्या बदलाने लेखकालाच गोंधळात टाकले होते.

बार्बरा गॉर्डनचा प्रश्न आपण कळकळीने विचारला आहे आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. १९८८ मध्ये जोकरच्या गोळीने ती अपंग झाली. ती घटना तिच्या कथेसाठी घडवलेली नव्हती, तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला यातना देण्यासाठी घडवलेली होती. त्या अपमानातून किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या दांपत्याने १९८९ मध्ये ‘ओरॅकल’ उभी केली : संगणकासमोर बसून साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी, कोणाच्या दयेवर नसलेली बाई. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे ती खुर्चीत होती आणि त्या विश्वातली सर्वांत आवश्यक व्यक्ती होती. तिचे पाय परत आले याचे मला दुःख नाही. लेखिका गेल सिमोनने ‘न्यू ५२’मधली ती ‘बॅटगर्ल’ मनापासून लिहिली. दुःख याचे की, ओरॅकलमध्ये स्वतःला पाहणाऱ्या अपंग वाचकांच्या हाती त्या जागी दुसरे कोणीच दिले गेले नाही. कॅसांड्रा केन आणि स्टेफनी ब्राउन या दोघी बॅटगर्लही त्याच वेळी नाहीशा झाल्या, म्हणजे एकीला परत आणताना तिघींची जागा गेली.

स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा ‘बॅटमॅन’, ब्रायन अझरेलो आणि क्लिफ चियांग यांची ‘वंडर वूमन’, जेफ लेमायरचा ‘ॲनिमल मॅन’ ही कामे उत्तम आहेत, यावर आपले माझे एकमत आहे.

राहता राहिला आपला शेवटचा टोला : ‘वाचकांनी स्वीकारले, तुम्हीच अडून बसलात.’ पहिल्या महिन्यांत विक्री प्रचंड झाली, हे खरे. पण मे २०१६ मध्ये ‘रीबर्थ’ या डीसीच्या पुढच्या नव्या पर्वाचा पहिला अंक आला तेव्हा तो कोणाच्या परतण्यावर उभा होता, हे कृपया पाहावे. काळाबाहेर अडकलेला मूळ वॉली, त्याची कोणालाच आठवण नाही, लिंडालाही नाही. अखेर तो निरोप घ्यायला बॅरीकडे येतो, बॅरीला त्याचे नाव आठवते आणि बॅरी त्याला मिठीत ओढून घेतो. ती पाने वाचताना मी रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यानंतर ‘ॲक्शन कॉमिक्स’ ९५७ व्या आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ९३४ व्या अंकापासून पुढे सुरू झाले. २०११ मध्ये ती अनुक्रमे ९०४ आणि ८८१ वर थांबली होती. हिशेब करून पाहा : मधले बावन्न अंक, म्हणजे आपण ज्यांतून आलात ते अंक, जुन्या मोजणीत धरलेले आहेत.

सवड मिळाली तर १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लॅश’ मालिकेतले ७४ ते ७९ हे सहा अंक, म्हणजे ‘द रिटर्न ऑफ बॅरी ॲलन’, वाचावेत. वाचून झाल्यावर आपले मत वेगळे राहिले तरी ते अवश्य कळवावे.