गाळलेला शब्द पोरं ओरडून म्हणतात

शनिवारी लेकीच्या शाळेत गॅदरिंगच्या तालमीला जाऊन आले, तेव्हापासून डोकं तापलंय. दोन दिवस झाले तरी राग उतरत नाहीये.

आठवीतल्या पाच मुलींनी लावणी बसवली होती. होनाजी बाळाची, बैठकीच्या ढंगाची. त्यांच्यातल्याच एकीची आजी पेटीवर साथ करणार होती. महिनाभर रोज संध्याकाळी घाम गाळला पोरींनी. पालक समितीने पाच मिनिटं बघितलं आणि नाच रद्द. कारण काय, तर ‘शृंगारिक आहे, शाळेत शोभत नाही.’ एक मुलगी तिथेच रडायला लागली.

लगेच पुढचा नंबर दुसरीच्या मुलांचा. सात-सात वर्षांची पोरं, आणि गाणं सिनेमातलं आयटम साँग! बाई म्हणजे प्यायची-चाखायची वस्तू, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला एक शब्द फारच वाईट म्हणून समितीने कापून घेतला होता. तिथे अर्धा सेकंद गाणं गप्प व्हायचं. आणि त्या अर्ध्या सेकंदात सगळ्या पोरांनी तो शब्द एका सुरात ओरडून म्हटला. दर कडव्याला! सगळ्यांना पाठ होता. मागे बसलेले आईबाप हसत हसत मोबाईलवर शूटिंग करत होते.

अहो, मग कापलंत काय तुम्ही? शब्द गेला, अर्थ जागच्या जागी. कंबर हलवायची ती तशीच हलवली. उलट गाळलेल्या जागेमुळे तो शब्द पोरांचा सगळ्यात लाडका झाला.

हे आजचं नाही. 1994 साली ‘खुद्दार’मधल्या गाण्यात ‘सेक्सी’च्या जागी ‘बेबी’ घातलं आणि आपली संस्कृती वाचली असं जाहीर केलं. मी तेव्हा शाळेत होते. बसमध्ये आम्ही सगळे मूळ शब्दच म्हणायचो. अमेरिकेत 1985 मध्ये गाण्यांच्या शब्दांवरून थेट सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि कॅसेट-रेकॉर्डवर पालकांसाठी इशाऱ्याचं लेबल आलं. कल्पना निदान सरळ होती: आत काय आहे ते सांगा, घ्यायचं की नाही ते घरातल्यांनी ठरवावं. पण वॉलमार्टसारख्या दुकानांनी लेबलवाला माल ठेवायलाच नकार दिला. मग कंपन्या शब्द पुसलेल्या ‘क्लीन’ आवृत्त्या काढत बसल्या. आम्ही त्यातली कात्री तेवढी उचलली. खरं सांगणारं लेबल नाही उचललं. लेकीच्या फोनवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये मी घाणेरड्या शब्दांची गाणी अडवणारा फिल्टर लावलाय. इंग्रजी गाणी पटापट अडतात, कारण त्यांच्या नावापुढे ‘ई’ची, म्हणजे ‘एक्सप्लिसिट’ची, चौकट असते. हिंदी-पंजाबी गाण्यांतली गलिच्छातली गलिच्छ बिनधास्त वाजतात, कारण ती गाणी चढवणाऱ्यांनी खूणच केलेली नसते. विसर्जनाच्या दिवशी इथे पुण्यात टिळक रोडवर तीच गाणी छाती फाटेल एवढ्या आवाजात लागतात. बाप खांद्यावर लेकरू घेऊन उभे असतात. तिथे कुठली समिती?

आणि लावणी अश्लील? या पुण्यात? उत्तर पेशवाईत ती इथेच बहरली. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ शिकलगार, ही सगळी याच गावात गायली-नांदली. त्या लावणीत बाई स्वतः बोलते, रुसते, मागते, नाही म्हणते. आयटम साँगमध्ये तिच्याकडे फक्त बघतात. एवढा फरक कळत नसेल तर समितीत कशाला बसता? शाळेत सकाळी स्पीकरवर ‘घनश्याम सुंदरा’ लागते. ती भूपाळी कोणाची? याच होनाजी बाळाची! सकाळी त्याला हात जोडायचे आणि दुपारी त्यालाच दाराबाहेर काढायचं.

1948 च्या सुमारास सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हाही हेच झालं. पोट गेलं ते फडावरच्या बायकांचं. पुढे बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घ्या, ही अट राहिली. ज्याच्यामागे कोणी उभं नाही, त्याच्याच गाण्यावर कात्री चालते.

2023 च्या एप्रिलमध्ये राज मुंगसेने पन्नास खोक्यांवर रॅप केलं, तर लगेच गुन्हा दाखल झाला. कोणाला झोंबलं ते सगळ्यांना माहीत आहे. बाईला बाटली म्हटलेलं मात्र कोणाला झोंबत नाही. त्यासाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

मला बंदी नकोय, हे नीट ऐका. मोठ्या माणसांनी काय हवं ते ऐकावं. रॅपमध्ये शिव्या असतील तर असू देत. ज्याच्या वाट्याला शिवी आली त्याने ती गावी, त्याचा हक्क आहे. पण सात वर्षांच्या पोराच्या तोंडी काय द्यायचं, हे ठरवणाऱ्याने ते गाणं एकदा तरी शब्द लावून ऐकावं. समितीतल्या एका बाईंना मी विचारलं, गाण्याचे शब्द वाचलेत का? म्हणाल्या, ‘अहो ताई, बीट छान आहे, मुलं एन्जॉय करतात. शब्दांकडे कोण बघतं?’ लावणीच्या वेळी मात्र शब्दन् शब्द बघितला होता!

उद्या साडेचारला पुन्हा तालीम आहे. मी त्या गाण्याचे सगळे शब्द, कापलेल्या शब्दासकट, वहीच्या कागदावर लिहून काढलेत. समितीपुढे उभी राहून मी ते मोठ्याने वाचणार आहे, चाल न लावता, सावकाश. कोणी मध्ये थांबवलं तर म्हणेन, हेच तुम्ही दुसरीच्या पोरांना दिलंय. आणि त्या पाच मुलींना मी सोबत बोलावलंय. पेटीवाल्या आजीही येणार आहेत.