काचेच्या अलीकडचा काका

आमच्याकडे नाशिकला गंगापूर रोडवर घरापासून चालत जाता येईल अशी एक छोटी ब्रुअरी उघडलीय, तिथेच बनवतात आणि तिथेच नळाला लावून देतात. बियर चांगली आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा माणूस बियरवर चिडलाय. मी चिडलोय ते काचेवर.

हॉलच्या मागे भिंतभर काच आहे आणि काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या, खालून नरसाळ्यासारख्या निमुळत्या. मी वाढणाऱ्या पोराला साधं विचारलं, आत जाऊन बघता येईल का रे? "नाही काका, आत फक्त स्टाफ. हायजीन असतं." ठीक आहे. 'काका'सुद्धा गिळला.

मग त्याने लाकडी ट्रेमध्ये छोटे छोटे ग्लास आणले आणि भाषण सुरू. जर्मनीतल्या बव्हेरियात म्हणे १५१६ साली कायदा झाला, बियरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी सोडून काही घालायचं नाही, आम्ही तेच पाळतो. हे सांगताना त्याच्या हातात गव्हाची बियर होती आणि शेजारी आंब्याची. गव्हाच्या बियरला केळ्याचा वास येतो, केळं नसतंच त्यात, यीस्टची करामत असते, हे मात्र बरोबर सांगितलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, असंही म्हणाला. मोडाचं कौतुक नाशिककराला सांगायचं म्हणजे कमालच, इथे रविवारची सुरुवातच मटकीच्या मोडापासून होते.

पहिला घोट घेतला आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "साहेब, तुम्ही जरा सरकता का? तुमच्या डोक्यामुळे वेल्ड दिसत नाही."

पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळाला गंध. समोर पाण्याची बाटली. शेजारी जावई, मोबाईलमध्ये डोकं घालून. गृहस्थांचं सातपूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, आणि त्या दिवशी त्यांची संकष्टी. संकष्टीला बियरच्या दुकानात कशाला, तर जावई म्हणाला पप्पा तुम्हाला टाक्या दाखवतो. आता सासऱ्याला कुठे न्यावं याचे नाशिकमध्ये पर्याय कमी आहेत का? काळाराम मंदिर आहे, सोमेश्वर आहे, झालंच तर पांडवलेणी आहेत. पण नाही.

मी सरकलो. तर ते खुर्ची घेऊन माझ्याच टेबलाला आले आणि मोबाईलचा टॉर्च काचेवर मारला. "तो निळसर डाग दिसतो का? पाइपाच्या जॉइंटला? बाहेरून आर्गॉन वेल्डिंग केलंय पण आतून गॅस मारलेला नाही. आता आतला वेल्ड खडबडीत राहणार, त्यात जंतू बसणार, माल आंबणार." मी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. "तुम्ही प्या, प्या," ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे."

माझं काय ठीक आहे??

पुढे जॅकेट आलं, म्हणजे टाकीला बाहेरून दुसरा पत्रा आणि मधून गार ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, कारण यीस्ट काम करताना तापतं. टाकी निमुळती का, तर काम झालं की यीस्ट खाली बसतं आणि तळाच्या व्हॉल्व्हमधून काढता येतं. खरं सांगतो, माणूस हुशार होता. पण हे सगळं ते माझ्या ट्रेमधले ग्लास टाक्या म्हणून मांडून समजावत होते, आणि आयपीएची, म्हणजे जास्त हॉप्सवाल्या कडवट बियरची, टाकी 'चालू' असल्यामुळे मला तिला हात लावता येईना. मध्येच पोराला बोलावून विचारलं, फ्रेंच फ्राइज सैंधव मिठात मिळतील का. उपासाला चालतात म्हणे.

पोराने तो निळा डाग ऐकला आणि जाऊन मालकाला सांगितलं. मालक पळत आला. दोन मिनिटांत "सर, तुम्ही आत येऊनच बघा ना!" आणि सर गेले आत. बुटांसकट. टाकीवर टिचक्या मारत होते. हायजीन कुठे गेलं कोण जाणे. पैसे मोजून पिणारा काका बाहेर, आणि पाणी पिणारा सर आत!

बिल आलं. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट असतो, तो दिला. एक दिवसाचं परमिट धरलेलं, आरोग्य जपण्यासाठी प्यायची परवानगी असते ती, तेही दिलं. त्याखाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरण सांगतंय की हा आपोआप बिलात लावायचा नाही, पण काढ म्हटलं की पोरगं असं बघतं जसं काही मी त्याच्याच खिशात हात घातला. काढायला लावला. वीस मिनिटं गेली. आणि सैंधववाले फ्राइज माझ्याच बिलात होते, कारण "सर तुमच्याच टेबलवर होते ना, काका."

तेवढ्यात जावई पहिल्यांदा मोबाईलमधून वर आला, काचेकडे एकदा नीट बघून घेतलं आणि माझ्याकडे झुकून म्हणाला, "काका, बिल क्लोज करू नका. एक आयपीए मागवा ना तुमच्या नावावर, पप्पा बाहेर यायच्या आत संपवतो."